इंचाला सात आटे

मलप्पाच्या क्रेनचा दांडा मी दुपारी चार वाजता मशीनवरून उतरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मला कळलं, की या दांड्यानं माणूस मरू शकतो. मधल्या साडेसतरा तासांत मी जेवले, खालाशी भांडले, मोबाईल बघून हसले आणि गाढ झोपले. त्या झोपेचा मला अजून राग येतो. एवढी चूक करून बसलेल्या बाईला निदान डास तरी चावायला हवे होते.

मी सबिहा. घर नांदेडचं, आयटीआयही तिथलंच, नोकरी लातूरच्या एमआयडीसीत रविकिरण सरांच्या वर्कशॉपमध्ये. राहते खालाकडे, म्हणजे मावशीकडे. वर्कशॉपमधल्या दोन्ही सीएनसी लेथ माझ्या ताब्यात आहेत आणि कोपऱ्यातली जुनी लेथ मकबूलचाचांच्या. चाचा पासष्टीचे. त्यांच्या लेथवर आटे पाडायचे तर हातानं गिअर बदलावे लागतात, कान लावून मशीन ऐकावं लागतं. मी पडद्यावर चार ओळी टाइप करते, बटण दाबते आणि चहा प्यायला जाते. चार वर्षांत मी चाचांना कामातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझं काय झिजलं असतं, ते आज सांगता येणार नाही, पण तेव्हा झिजेल असं वाटायचं.

मलप्पा विहिरी खोदतो. देगलूरकडचा माणूस, बायको गुरम्मा आणि मेव्हणा शरणप्पा यांना घेऊन उन्हाळाभर गावोगाव फिरतो. विहिरीच्या काठावर त्याची क्रेन असते, तिला डिझेल इंजिन, इंजिनाला तारेचा दोर, दोराच्या टोकाला लोखंडी डबा. फोडलेला दगड त्या डब्यातून वर येतो. दोर आणि डबा यांच्यामध्ये एक फिरकी असते, म्हणजे डबा गरगरला तरी दोराला पीळ पडत नाही. त्या फिरकीत हातभर लांबीचा एक दांडा. खालच्या टोकाला डब्याची साखळी अडकवायचं भोक, वरच्या टोकाला आटे, आणि आट्यांवर एक नट. सगळा भार त्या एका नटावर.

हे सगळं मलप्पानं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी त्याला विचारलंसुद्धा होतं, "डब्यात काय असतं?"

"दगूड," तो म्हणाला. "आन आमी."

त्याच्या हातात जुना दांडा होता. वरचे आटे वाळू आणि ग्रीस खाऊन खाऊन बोथट झालेले. "नट चांगला हाय ताई, दांडा तेवढा नवा करून द्या. उद्या सकाळच्याला उतरायचंय. पानगाव रस्त्याला, हणमंतराव पाटलाच्या शेतात. एक दिस बसलो तर पाटील बोंब मारतोय."

मी व्हर्निअर लावला. जाडी साडेएकतीस मिलिमीटर भरली. असला आकडा आपल्या मेट्रिक मापात कुठंच बसत नाही, तीस असतो किंवा तेहतीस असतो. इथंच मी थांबायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, गावठी काम, केलं असेल कुणीतरी अंदाजानं. मग आट्यांमधलं अंतर बघायला गेजची पाती लावून पाहिली. साडेतीनची पाती जवळजवळ बसली. झिजलेल्या आट्यांवर जवळजवळच बसणार, असं मीच मला समजावलं.

सीएनसीवर आटे पाडायला फार काही लागत नाही. आटे कुठं संपवायचे, किती खोल घ्यायचे, हे एका ओळीत लिहायचं, आणि ओळीच्या शेवटी एफ. दांडा एक फेरा फिरला की टूलनं किती पुढं सरकायचं, तो हा एफ. मी लिहिलं साडेतीन. मशीन चौदा वेळा त्याच खाचेतून गेलं, दर खेपेला थोडं खोल, आणि चकचकीत आटे बाहेर आले. नट लावला. तीन फेरे गेला आणि अडकला.

आता आमच्या वर्कशॉपची रीत सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. प्रत्येक मापाचं तपासणीचं गेज आमच्याकडे नाही. गिऱ्हाईक जो नट आणतं तोच आमचा गेज. नट बसला, काम पास. नट घट्ट जात असेल तर मशीनला सांगायचं, टूल झिजलंय असं समज आणि दोन दशांश खोल जा. पुन्हा आटे काढायचे, पुन्हा नट. बहुतेक वेळा एका खेपेत भागतं. फार तर दोन.

मी आठ वेळा काढले.

दर वेळी नट अर्धा-पाऊण फेरा पुढं जायचा आणि पुन्हा रुतायचा. सहाव्या वेळी आट्यांची डोकी करवतीच्या दातांसारखी बारीक झालेली मी पाहिली. पाहिली म्हणजे नीट, डोळ्यांनी पाहिली. मलप्पा शेजारी उभा होता, रविकिरण सर घड्याळाकडे बघत होते आणि माझ्या मानेला घाम आला होता. चाचा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"कितना काटती बेटा?" त्यांनी विचारलं.

"नट बैठे तक," मी म्हणाले.

ते आपल्या लेथकडे परत गेले. आठव्या खेपेला नट दोन बोटांनी फिरत थेट खालपर्यंत गेला. "लोण्यावानी," मलप्पा म्हणाला आणि खूश होऊन दांडा पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. मीही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना दांडा माझ्या टेबलाखाली पडलेला होता. सरांचा नियम आहे, आलेल्या जुन्या भागाचं माप वहीत चितारून ठेवायचं, मगच भंगारात टाकायचा. मी तो डिझेलमध्ये बुडवला, तारेच्या ब्रशनं घासला. खालच्या बाजूला चार बोटं आटे असे निघाले, की जिथं नट कधी पोचलाच नव्हता. अगदी कोरे. वहीत लिहायचं म्हणून मी दहा आट्यांवर व्हर्निअर टाकला. पस्तीस यायला हवे होते. छत्तीस पूर्णांक तीन आले.

मी पुन्हा मोजलं, मग दुसरा व्हर्निअर आणला. छत्तीस पूर्णांक तीन. एका आट्याला तीन पूर्णांक त्रेसष्ट. मग मोबाईलवर पंचवीस पूर्णांक चार, म्हणजे एक इंच, भागिले सात केलं, तेव्हा तेच उत्तर आलं.

दांडा इंची होता. इंचाला सात आटे. नटही तसाच. आणि मी त्या नटासाठी मेट्रिक आटे पाडले होते. दोघांचं अंतर जुळत नव्हतं म्हणून नट अडकत होता, आणि मी तो बसावा म्हणून आटे कोरत कोरत पोकळ जागा करून दिली होती. नटाच्या आठ आट्यांपैकी भार घेत असेल एखादा. तोही करवतीच्या दाताएवढा. बाकीचे हवेत होते.

मी दांडा घेऊन चाचांकडे गेले. पळतच गेले असणार, कारण वाटेत स्टूल पाडलं. चाचांनी चष्मा लावला नाही. अंगठ्याचं नख आट्यांवरून एकदा फिरवलं.

"सव्वा इंच. सात की चुडी." आट्यांना ते चुडीच म्हणतात. "निजामाच्या टायमाचा माल हाय, असले दांडे मी पोत्यानं केलेत."

"काल तुम्ही बघितलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"तू पूछी क्या?" मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "मला वाटलं पंपाचा असंल. काय का दांडा था?"

"विहिरीच्या क्रेनचा."

"लोगां उतरते उसमें?"

"हौ."

चाचांनी हातातला कप लेथवर ठेवला. चार वर्षांत त्यांना मी लेथवर कप ठेवताना पाहिलं नव्हतं. "जा," ते म्हणाले. "फोन लाव आन जा."

मलप्पाचा फोन लागला नाही. फोनमधली बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तो कुठं असेल ते मला कळत होतं. जमिनीखाली पन्नास फुटांवर कुठलं संपर्क क्षेत्र. दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता.

रेणापूर नाक्यापर्यंत मी स्कूटीवरून कशी गेले ते आठवत नाही. त्यापुढचा रस्ता आठवतो. उन्हानं डांबर चकाकत होतं, सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक पुढं सरकत नव्हता, आणि माझं डोकं नको असताना हिशोब करत होतं. सात वाजता कामाला लागले असतील. एका डब्याला वर यायला-जायला दहा मिनिटं. म्हणजे तासाला सहा, आत्तापर्यंत अठरा. डब्यात तीनशे किलो दगड. अठरा वेळा तीनशे किलो त्या एका दातावर. विसावा डबा उचलेल का? एकविसावा? आणि दगडाचा डबा पडला तरी खाली माणूस आहे, माणसाचा डबा पडला तर डब्यात माणूस आहे. कुठूनही मोजलं तरी सुटका नव्हती.

मी मोठ्यानं अल्लाचं नाव घेत होते. मग घेता घेता लाजही वाटली, की काल आठ वेळा बटण दाबताना एकदाही आठवला नाही. रेणापूरच्या पुढं मी स्कूटी बाजूला घेतली आणि ओकले. तोंड पुसलं आणि पुन्हा निघाले. एका मनाला वाटत होतं, पोचूच नये. पोचलं की कळणार. जोवर रस्त्यात आहे तोवर ते जिवंत आहेत. असा विचार मी केला, आणि तो केल्याची शरम मला त्या चुकीहून कमी नाही.

पानगाव रस्त्याला एका टपरीवर हणमंतराव पाटलांचं शेत विचारलं. टपरीवाल्यानं हातातली सुपारी कातरत कातरत सांगितलं, डाव्या अंगाला, चिंचेच्या पुढं. त्याच्या सावकाशीचा मला इतका राग आला की आभार न मानताच मी निघाले.

आधी इंजिनाचा आवाज ऐकू आला. चालू इंजिन म्हणजे काम चालू, काम चालू म्हणजे अजून काही झालेलं नाही. स्कूटी बांधावर टाकून मी ढेकळांतून पळाले. समोर क्रेन, क्रेनच्या खाली इंजिनापाशी गुरम्मा. एक हात लिव्हरवर, एक पाय ब्रेकवर. दोर वर येत होता. ओरडायला मी तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला.

आणि गुरम्माचा पाय दिसला.

मी ओरडले असते तर तिनं काय केलं असतं? कुणीही केलं असतं तेच. ब्रेक दाबला असता. खच्चून. वर येणारा डबा एका झटक्यात थांबला असता, आणि झटका बसला की तीनशे किलोचे सहाशे होतात. जो दात अठरा डबे तगला होता तो माझ्या एका हाकेनं तुटला असता.

मी हातानं तोंड दाबलं. स्वतःचंच, आवळून. पळत होते ती थांबले. गुरम्मानं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नसावं, पुन्हा दोराकडे पाहू लागली. मी मान हलवून काहीतरी हसल्यासारखं केलं. आयुष्यात तसं खोटं हसू मी कधी हसले नाही.

दोर येत होता. एवढ्या सावकाश येणारी गोष्ट मी पाहिली नव्हती. इंजिन धक-धक करत होतं आणि दर धक्क्याला माझ्या दातांत कळ जात होती. विहिरीच्या तोंडातून आधी फिरकी वर आली. काल दुपारी मी स्वतः नट बसवून पाहिला होता तेव्हा नटाच्या वर तीन आटे शिल्लक होते. आता एक होता. दांडा नटातून खाली घसरला होता.

मग साखळी आली. मग डोकं आलं, डोक्याला गुंडाळलेलं फडकं आलं. शरणप्पा डब्याच्या कडेवर उभा होता, एका हातानं साखळी धरून, दुसऱ्या हातात पाण्याची रिकामी घागर. पाणी प्यायला वर येत होता. त्यानं माझ्याकडे बघून, ही कोण, अशी मान उडवली. गुरम्मानं हलकेच ब्रेक धरला. डबा झुलला. शरणप्पानं फळीवर पाय टाकला, डब्याला ढकललं आणि जमिनीवर आला.

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. बंद करा, बंद करा, असंच काहीतरी असणार. गुरम्मानं इंजिन बंद केलं.

"अक्का, तो दांडा खोटा आहे," मी म्हणाले. "मी केलाय. चुकीचा केलाय."

तिनं आणि शरणप्पानं डबा काठावर ओढून टेकवला, दोर सैल केला. मी फिरकीपाशी बसले आणि नट धरून वर ओढला. फिरवला नाही, नुसता ओढला. खट, खट करत नट सरळ माझ्या हातात आला. ग्रीसमध्ये चमचमणारे तुकडे होते, सुईएवढे बारीक. माझे आटे.

गुरम्मा ते तुकडे बोटावर घेऊन बघत राहिली. शरणप्पा मागं सरकून मातीत बसला.

"खाली कोण आहे?" मी विचारलं.

"आमचं मालक," गुरम्मा म्हणाली.

विहीर पंचावन्न फूट होती. खालून मलप्पाचा आवाज आला, बारीक, विहिरीच्या भिंतींवर आपटत. का थांबवलं म्हणून विचारत असावा. गुरम्मानं काठावरून वाकून कानडीत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं मला कळलं नाही, पण त्यानंतर खालून आवाज आला नाही.

तिनं फिरकीच काढून टाकली. तारेचा दोर थेट साखळीतून ओवला, त्याला तीन क्लॅम्प मारले, पान्यावर सगळं अंग टाकून आवळले. मला कुणी हात लावू दिला नाही. डबा दगडांनी भरून वीतभर उचलला, धरला, सोडला, तीनदा. मग रिकामा डबा खाली गेला. मलप्पा वर येताना फिरकी नसल्यामुळं डबा भोवऱ्यासारखा फिरत होता. डोळे मिटून, साखळीला मिठी मारून तो फिरत फिरत वर आला आणि उतरल्यावर दोन पावलं तिरपा चालून खाली बसला. गुरम्मानं त्याच्या तोंडाला तांब्या लावला.

मी त्याला सगळं सांगितलं. पातीचं, जवळजवळ बसल्याचं, आठ वेळांचं. सहाव्या वेळी दात दिसले होते तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. मारतील तर मारू देत, असं वाटत होतं. मलप्पा नट हातात घेऊन त्यातून एका डोळ्यानं बघत राहिला.

"आमच्यात एक रीत हाय," गुरम्मा म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. "क्रेनचं काम जो करील, त्यानं पैल्यांदा डब्यात बसायचं. वेल्डिंगवाला असू दे, कुणी असू दे. एक डाव खाली जाऊन यायचं, मग आमी. काल तू हितं न्हवतीस. म्हून सकाळी तुज्या जागी माजा भाऊ बसला."

शरणप्पा मातीत रेघा ओढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"दांडा परत नवा कर," मलप्पा म्हणाला. "आन तूच घेऊन ये."

वर्कशॉपमध्ये परत आले तेव्हा रविकिरण सर आले होते. चाचांनी त्यांना सांगितलं असावं. सर म्हणाले, दांडा करून दे, पण तू जाऊ नकोस, कुणाच्या तरी हाती पाठवू, रागात माणसं काय करतील सांगता येत नाही. त्यांचं खोटं नव्हतं. मी मान हलवली आणि चाचांकडे गेले.

"चाचा, इंची आटे कसे काढायचे ते मला सांगा," मी म्हणाले.

चाचांनी मोठेपणा दाखवला नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यासमोर एक टूल धरलं. मी रस्त्यात ओकत होते तेव्हा त्यांनी ते सहाणेवर घासून तयार ठेवलं होतं. मेट्रिक आट्याचा कोन साठ अंशाचा, इंचीचा पंचावन्न. तेही मला पुस्तकातून माहीत होतं आणि हातातून माहीत नव्हतं. मी पडद्यावर ओळ लिहिली, एफ तीन पूर्णांक सहाशे एकोणतीस. चाचांना एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यांना पडदा वाचता येत नाही, पण एफ म्हणजे काय ते सांगितल्यावर ते म्हणाले, "मतलब मेरे गिअर," आणि बोटांवर काहीतरी मोजून मान हलवली.

मी बटण दाबलं. पहिली खेप संपल्यावर मशीन थांबवून इंची पट्टी लावली. इंचात सात रेघा. चाचांनाही मोजायला लावलं. मग पुढच्या खेपा. नट मलप्पानं माझ्याकडेच दिला होता. या वेळी तो पहिल्या फटक्याला लागला, बोटांना थोडा जड जात, सगळ्या आट्यांना धरत, खालपर्यंत. एक दशांशही मागून कोरावं लागलं नाही. चाचा म्हणाले, वर दुसरा नट दे, आणि दांड्यातून आरपार भोक पाडून पिन घाल. मी दुसरा नट केला, भोक पाडलं, पिन बरोबर घेतली. घरी जाताना दांडा डिकीत न ठेवता पायांपाशी ठेवला.

सकाळी आठला मी शेतात होते. सरांना फोन केला नाही.

फिरकी गुरम्मानं स्वतः जोडली. नट आवळताना तिनं माझ्याकडे पान्याचं एक टोक दिलं, दोघींनी मिळून आवळला, वर दुसरा नट लावला, पिन घातली. डबा दगडांनी भरला, उचलला, धरला, सोडला. पुन्हा. मलप्पानं फिरकीखाली डोकं घालून नट पाहिला. मग दगड रिकामे केले आणि तिघं बाजूला उभी राहिली. बस असं कुणी म्हणालं नाही. नको बसू असंही म्हणालं नाही.

मी चपला काढल्या. फळीवरून डब्यात पाय टाकताना खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि खाली बघितलं. गोल, काळी, मधोमध चिलटाएवढं पाणी. डब्याची कड माझ्या गुडघ्याच्या वर येत होती, एवढंच काय ते कुंपण. साखळी धरली तर तळहात घामानं घसरत होते.

मला हिशोब येत होता. या दांड्यावर ट्रक टांगला तरी आटे हलणार नाहीत. आठच्या आठ भार घेताहेत, वर दुसरा नट आहे, पिन आहे. मी मोजलंय, चाचांनी मोजलंय. आणि तरी इंजिन सुरू झालं तेव्हा मी साखळी अशी आवळली की कड्या तळहातांत रुतल्या. हिशोबाचा काही उपयोग होत नव्हता. काल सकाळी शरणप्पाला हिशोब माहीत नव्हता. तो रोजच्यासारखा पाय टाकून उभा राहिला असणार.

डबा खाली सुटला. भिंती वर जाऊ लागल्या, आधी माती, मग मुरूम, मग काळा दगड. गारवा आला. मी मान मागं टाकून नटाकडे बघत राहिले. नटामागे आभाळ होतं. आटे दिसायचे बंद झाले, मग नट दिसायचा बंद झाला, नुसती दोराची रेघ उरली.

मध्यावर कुठंतरी डबा थांबला. फिरकीनं तो आपोआप अर्धा वळला, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

वर, आभाळाच्या त्या ताटलीएवढ्या गोलात, ब्रेकवरचा पाय न काढता वाकलेल्या गुरम्माचं डोकं आलं.

"काय गं," तिनं विचारलं, "भ्या वाटायलं का?"

"हौ, अक्का."

तिनं दोराकडे पाहिलं.

"वाटू दे," ती म्हणाली, आणि ब्रेक सोडला.